बारा बोटांचं आतडं आणि त्याचे फोटो
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात दिलेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



पोटावरचं भाषण जेवणाआधी ठेवल्याबद्दल सचिवांचे आभार. नंतर कोणी ऐकलं नसतं!

जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला 25 ते 30 सेंटिमीटरचा भाग येतो, तो ड्युओडेनम, म्हणजे आपली ग्रहणी. बारा बोटं शेजारी शेजारी ठेवली की तेवढी लांबी होते, म्हणून हेरोफिलस या ग्रीक वैद्याने तिला बाराचं नाव दिलं. इथे कर्करोग क्वचितच होतो. आपल्याला गाठतो तो अल्सर.

मी क्ष-किरणशास्त्र शिकत होतो तेव्हा बेरियम मील हीच मोठी तपासणी होती. रुग्णाने खडूच्या पाण्यासारखं बेरियम प्यायचं आणि आम्ही ते पडद्यावर उतरताना पाहायचं. जुने व्रण आकसले की ग्रहणीचा सुरुवातीचा फुगीर भाग तीन पाकळ्यांचा दिसे. इंग्रजी पुस्तकांत त्याला क्लोव्हरचं पान म्हणतात. क्लोव्हर वर्ध्यात कोणी पाहिलाय? मला ते बेलाचं पान वाटायचं.

आता हे काम बहुतांशी दुर्बीण करते. जखम प्रत्यक्ष दिसते आणि जठरातला तुकडा घेऊन हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे का तेही कळतं. वॉरेन आणि मार्शल यांना या जंतूच्या शोधासाठी 2005 चं नोबेल मिळालं, तरी आपण खापर फोडतो सावजी रश्श्यावर. दुसरं मोठं कारण म्हणजे गुडघ्यांसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. काकू, तुमच्याकडेच बघतोय!

साधा एक्स-रे मात्र अजून जीव वाचवतो. अल्सर फुटला की आतड्यातली हवा पोटाच्या पोकळीत शिरते. रुग्णाला थोडा वेळ बसवून छातीचा उभा एक्स-रे काढला की ती हवा वर चढून पडद्याखाली, यकृताच्या माथ्यावर, काळ्या चंद्रकोरीसारखी दिसते. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून काढतात. हवा अगदी थोडी असेल तर एक्स-रे चुकवतो, मग सीटी स्कॅन लागतो. अशा वेळी बेरियम देत नाहीत, ते फटीतून पोटात सांडतं.

म्हणून सांगतो भाऊ, पोटात एकाएकी सुरी खुपसल्यासारखं दुखलं आणि पोट फळीसारखं ताठ झालं, तर सोडा नको, दूध नको, 'सकाळी पाहू' तर नकोच. तोंडाने काही न देता निघायचं. सेवाग्राम आणि सावंगी, दोन्हीकडची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्या उंबरठ्यावर आहेत. गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

आणि जिन्यात मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग अल्सर कसा?" सोनोग्राफीच्या लहरींना आतड्यातली हवा अडवते. पित्ताशयाचे खडे ती छान दाखवते, पण अल्सर बहुधा निसटतो. शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर नॉर्मल सोनोग्राफीच्या भरवशावर बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.