कड्यावरची शिंदळ माकुडी



कोरफड आणि पानफुटी आपल्या दारात असतेच. त्यांच्यासारखीच अंगात पाणी साठवणारी, पण फार थोड्या जणींनी पाहिलेली एक वनस्पती आहे. तिचं नाव शिंदळ माकुडी. नाव ऐकून हसू येईल, पण ती जगात फक्त आपल्या महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्याकपारीत उगवते. जुन्नरच्या शिवनेरीवर ती आहे. १८६५ साली डाल्झेल या वनस्पती-अभ्यासकाने तिची नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असं नाव दिलं.

ही रुईच्या कुळातली. दांडे जाड, रसरशीत आणि लोंबते. पावसाळ्यात पानं येतात, पाऊस सरता सरता चांदणीसारखी गडद तांबडी फुलं लागतात. फुलावर पिवळी नक्षी असते.

लावायची कशी? वीतभर छाट घ्या. कापलेला भाग चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. ओला लावला तर कुजतो. पसरट कुंडीत निम्मी माती आणि शेणखत, निम्मा बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा घाला. तळाला भोक हवंच. सकाळचं ऊन मिळेल अशा जागी कुंडी टांगा. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घाला. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा.

आता खरी परीक्षा. पाऊस संपून कोरडे दिवस आले की हिची पानं गळतात आणि नुसते दांडे उरतात. बाई घाबरते, तांब्याने पाणी ओतते, आणि तिथंच रोप कुजतं. दांडा टणक आहे ना? मग ते जिवंत आहे. अगदी थोडं पाणी द्या आणि वाट बघा. पाऊस आला की पालवी फुटेल.

शेवटी एक कळकळीची विनंती. गडावर गेलात आणि ही दिसली, तर बघा, मुलांना दाखवा, पण उपटू नका. कड्यावर तिची संख्या आधीच फार कमी आहे. रोप घ्यायचं तर रोपवाटिकेत छाटापासून वाढवलेलंच घ्या. गटात एकीने आणलं, तरी वाढल्यावर तिच्याच छाटांनी बाकीच्या मैत्रिणींच्या कुंड्या भरतील. मग कड्यावरचीला हात लावायचं कारणच उरणार नाही.