विमानाला दोन महिने, कामगाराला किती?



कायद्याला घाई कोणासाठी होते, हे पाहावयाचे असेल तर हवाई वाहतुकीच्या धंद्याकडे पाहा. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि हजारो कर्मचारी थकीत पगारासह रस्त्यावर आले. साडेपाच वर्षे पुनरुज्जीवनाची आशा दाखवण्यात आली. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

आता दुसरी बाजू पाहा. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि भाडेकंपन्यांची विमाने अडकली. सुमारे पाच महिन्यांत केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरीतील स्थगितीतून वगळले. २०२५ मध्ये संसदेने केपटाऊन कराराला कायद्याचे बळ दिले : थकबाकी न भागवल्यास दोन महिन्यांत विमान मालकाच्या स्वाधीन!

मालकाला त्याचे विमान मिळावे, याला आपला विरोध नाही. परंतु कामगारानेही आपले श्रम उधारच दिलेले असतात, आणि ते त्याला परत नेता येत नाहीत. दिवाळखोरी संहितेचे ५३ वे कलम कामगारांचे २४ महिन्यांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने धरते. इतर कर्मचाऱ्यांचे मात्र १२ महिन्यांचेच, तेही त्यांच्यानंतर. पण विमाने निघून गेल्यावर वाटणीला उरते काय?

केपटाऊन कराराचेच ३९ वे कलम काही देण्यांना अग्रक्रम देण्याची मुभा राष्ट्रांना देते. तिचा पुरेपूर उपयोग करा आणि थकीत वेतनाचा संपूर्ण बोजा विमानावर चढवा, ही आपली मागणी आहे. आधी पगार, मग उड्डाण!