गाडीचा वेग आणि इंजिनचे फेरे



मनमाडच्या रस्त्याला गॅरेजेस काही कमी नाहीत. "मुलगा गॅरेजातच जाणार, मग त्याला गणित कशाला?" असे अनेक पालक म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर आज एका उदाहरणाने देतो.

गाडीची शक्ती मोजण्याच्या यंत्रास डायनॅमोमीटर म्हणतात. पुण्याच्या 'ए.आर.ए.आय.' या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेत अशा चाचण्या होतात. गाडीची चाके रोलरवर फिरवतात आणि शक्तीचा आलेख निघतो. काही आलेखांत खाली इंजिनचे फेरे असतात, तर काहींत नुसता ताशी वेग. घोटाळा येथेच होतो.

समजा, इंजिनच्या दुरुस्तीपूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये चाचणी झाली आणि सर्वाधिक शक्ती ताशी 81 कि.मी.ला मिळाली. दुरुस्तीनंतर चौथ्या गिअरमध्ये ती 108 कि.मी.ला मिळाली. पाहणारा म्हणेल, इंजिन आता जास्त फेऱ्यांवर जोर देते. हिशेब करून पाहू.

टायर एका फेऱ्यात 1.8 मीटर जाते. डिफरन्शिअलचे प्रमाण 4, तिसऱ्या गिअरचे 1.5 आणि चौथ्याचे 1 धरू. ताशी 81 कि.मी. म्हणजे मिनिटाला 1350 मीटर. त्यास 1.8 ने भागले की चाकाचे 750 फेरे. त्यांना 4 ने आणि 1.5 ने गुणले की इंजिनचे 4500 फेरे. आता 108 कि.मी. म्हणजे 1800 मीटर, चाकाचे 1000 फेरे आणि इंजिनचे 4000. म्हणजे वेग वाढलेला दिसतो, पण फेरे 500 ने कमी झाले आहेत! अंदाज अगदी उलटा ठरला.

येथे चूक झाली की पुढचा हिशेबही चुकतो. 4500 फेऱ्यांवर 45 मेट्रिक अश्वशक्ती असेल, तर 716 गुणिले 45 भागिले 4500, म्हणजे 7.16 किलोग्रॅम-मीटर टॉर्क. फेरे 4000 धरले, तर तोच टॉर्क 8 च्या वर दिसेल. असा कागद दाखवून कोणी गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले, तर गिऱ्हाईक फसले. आणि कारागिराला हिशेब येत नसेल, तर तोही फसला.

टायरचे माप पुस्तकातून घेऊ नये. झिजलेले टायर एका फेऱ्यात 1.75 मीटर जात असेल, तर 81 कि.मी.ला सुमारे 4630 फेरे येतात. हवा योग्य भरावी, टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी दहा फेरे ढकलावी आणि अंतर फुटपट्टीने नव्हे, लांब टेपने मोजून दहाने भागावे. क्लच घसरत असेल किंवा गिअर ऑटोमॅटिक असेल, तर मात्र हे सूत्र पुरत नाही. तेथे फेरे थेट इंजिनवरच मोजावेत. नव्या गाड्यांत स्कॅनरने ते वाचता येतात. तरी वाचलेला आकडा बरोबर आहे का, हे ओळखायला हिशेब लागतोच.

यात सातवी-आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणापलीकडचे काही नाही. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, मुलाच्या हातात पाना जरूर द्या, पण त्याची वही काढून घेऊ नका. पाना नट फिरवतो. कोणता नट फिरवायचा, ते वही सांगते.