लोहाची गोळी, पालेभाजी आणि चहाचा पेला



ठाण्याहून कल्याणकडे निघालेली लोकल खाडी ओलांडते आणि पहिले स्थानक लागते ते कळवा. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्ये मूळच्या आगरी-कोळी गावाभोवती वाढलेली दाट कामगार वस्ती. या वस्तीतील नोकरदार स्त्रीचा दिवस पहाटे सुरू होतो. चहाबरोबर कालची पोळी किंवा दोन बटरे खायची, डबा भरायचा आणि गाडी गाठायची. ती गरोदर असेल, तर आरोग्य केंद्रातून मिळालेली लाल गोळीही ती याच घाईत, याच चहाच्या घोटाबरोबर घेते. गोळी शासनाने दिली, तिनेही ती चुकवली नाही, आणि तरीही तिच्या रक्तात त्या गोळीचा फारच थोडा अंश उतरतो. या भाषणाचा विषय ही गळती कोठे होते, हा आहे.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तर ते सुमारे ६९ टक्के आहे. देशात लोह व फोलिक अॅसिडच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. २०१८ साली ‘अॅनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्यास नवे रूप देण्यात आले. पन्नास वर्षांनंतरही आकडा खाली येत नसेल, तर गोळ्यांचे वाटप मोजून थांबणे पुरेसे नाही. त्या कशा घेतल्या जातात, हेही पाहिले पाहिजे.

या गोळीतील दोन द्रव्यांपैकी एकाचा शोध मुंबईशी जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर भारतात आल्या. मुंबईच्या गिरणीकामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांना जडणाऱ्या, अनेकदा प्राणावर बेतणाऱ्या रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. आजार जंतूंमुळे होत असावा, असा आरंभीचा तर्क होता. विल्सबाईंनी मात्र या स्त्रिया काय खातात, ते पाहण्यास आरंभ केला. गरीब घरांतील स्त्रियांच्या ताटात भाजी व फळे जवळजवळ नसत. प्रयोगशाळेतील प्राण्यांना तसाच निकृष्ट आहार देऊन त्यांनी आजाराचा मागोवा घेतला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. ‘मार्माइट’ या नावाने बाजारात मिळणारा तो अर्क स्वस्त होता. रुग्ण स्त्रियांना तो दिल्यावर त्यांचे रक्त सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्याचे नाव तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळे करण्यात आले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्यास फोलिक अॅसिड हे नाव पडले.

म्हणजे गोळीतील एक द्रव्य मुळात पाल्यातले. पालेभाजी खावी, या घरोघरच्या आग्रहास एवढा भक्कम आधार आहे. परंतु फोलिक अॅसिड उष्णतेने नाश पावते व पाण्यात उतरते. भाजी चिरून मग धुणे, उकडून पाणी ओतून देणे किंवा सकाळची भाजी रात्रीपर्यंत पुनःपुन्हा गरम करणे, यांत त्याचा मोठा भाग वाया जातो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि झाकण ठेवून थोड्या पाण्यात लवकर शिजवावी. अळूची गोष्ट वेगळी. त्यातील ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला खाजवतात, म्हणून ते पुरते शिजवावेच लागते. फदफद्यात चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घालण्याची कोकणातील रीत याच अनुभवातून आलेली आहे.

आता दुसरे द्रव्य, लोह. अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांस व मासळी यांतील लोहाचा एक भाग शरीर सहज घेते. धान्य, डाळी व भाज्यांतील लोह मात्र सोबत काय खाल्ले, यावर फार अवलंबून राहते. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये आतड्यातच लोहाशी जखडली जातात आणि ते रक्तात जाऊ शकत नाही. जेवणाबरोबर चहा घेतल्यास वनस्पतिजन्य लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व तेच शोषण वाढवते. वरणावर लिंबू पिळण्याची सवय चवीपुरती नाही. धान्य-कडधान्यांतील फायटेट हे द्रव्यही लोहास अडवते. मटकी-मुगाला मोड आणल्याने व पीठ आंबवल्याने ते कमी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीस दिवसाला २९ मिलिग्रॅम व पुरुषास १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारीची गरज घरात सर्वांत जास्त आहे, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे.

कळव्याच्या मूळ रहिवाशांच्या स्वयंपाकातील जवळा व तांदळाची भाकरी हा आहार या दृष्टीने निकृष्ट नव्हे. सुक्या मासळीतील मीठ तेवढे सांभाळावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. लोखंडी कढई व तवा स्वयंपाकघरातून हद्दपार झाले, हे मात्र नुकसानच म्हणावे लागेल. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजवला की भांड्यातील थोडे लोह अन्नात उतरते.

शाळांच्या भिंतींवर आहाराचे जुने तक्ते अद्याप लटकलेले असतात. त्यांत पोह्यांपुढे ‘लोह २० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले आढळेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कोष्टकांत हाच आकडा शंभर ग्रॅमला पाच मिलिग्रॅमच्याही खाली आहे. पोह्यांनी लोहाची भरपाई होते, असे शिकवीत राहणे आता योग्य नव्हे. पोहे खाण्यास हरकत कोणाचीच नाही. त्यावर लिंबू पिळावे आणि चहा तासाभराने घ्यावा. मुंबई-ठाण्याच्या माणसास हे पटवणे कठीण आहे, हेही खरेच!

पालेभाजीबाबत कळवा परिसरात आणखी एक अडचण आहे. ठाण्यापासून दिव्यापर्यंत रुळांलगतच्या पट्ट्यांत पालक, माठ, मुळा यांचे वाफे वर्षानुवर्षे प्रवाशांच्या नजरेस पडत आले आहेत. ‘अधिक धान्य पिकवा’ या धोरणाखाली रेल्वेने आपल्या मोकळ्या जागा कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिल्या, हा त्याचा उगम. तक्रार आहे ती पाण्याबद्दल. नाल्याच्या पाण्यातील रोगजंतू नीट धुण्याने कमी होतात व शिजवल्याने मरतात. शिसे व कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र पानात शोषले गेले, की धुऊनही जात नाहीत आणि शिजवूनही जात नाहीत. यावर पालेभाजी सोडणे हा उपाय नव्हे. भाजी कोठून येते ते विक्रेत्यास विचारणे व कोणत्या पाण्यावर ती वाढते याची तपासणी मागणे, हे नगरसेवकांचे व पंचायत सदस्यांचे काम होय.

आता गोळीकडे वळावयाचे. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, अशी ती घ्यावयाची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असते. मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी. लिंबाचे सरबत सोबत चालेल. चहा, कॉफी, दूध नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी, कारण कॅल्शियमही लोहास अडवते. शौचास काळे होते म्हणून घाबरून कित्येक स्त्रिया गोळी टाकून देतात. तो न शोषलेल्या लोहाचा रंग असतो, हे एक वाक्य गोळी हाती देतानाच सांगितले, तर निम्मे काम होते. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. हे व्यंग टाळण्यास फोलिक अॅसिड उपयोगी पडते, हे १९९१ साली एका मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. चौथ्या महिन्यातील गोळी त्यासाठी फार उशिराची ठरते. म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीस फोलिक अॅसिड आधीपासूनच सुरू करण्यास सांगावयास हवे, आणि ते सांगणारी व्यक्ती बहुधा आशा सेविकाच असते.

प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. कळव्यापासून थोड्या अंतरावर उल्हासनगर आहे. फाळणीनंतर तेथे वसलेल्या सिंधी समाजात थॅलसेमियाचे वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात. शहापूर-मुरबाडपासून पालघरपर्यंतच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचा प्रश्न आहे. केवळ शाकाहार घेणाऱ्यांत ब-१२ ची उणीव असू शकते, आणि एकट्या फोलिक अॅसिडने रक्त सुधारल्यासारखे दिसले, तरी त्या उणिवेने मज्जातंतूंना होणारी इजा चालूच राहते. तीन-चार महिने नेमाने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर मात्रा वाढवीत बसू नये. ठाणे महापालिकेच्या कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात रक्ताची तपासणी करून घ्यावी.

बाजारातील पुष्टिचूर्णे व बहुगुणी कॅप्सूल यांविषयी एवढेच, की ज्यास उणीव नाही त्यास त्यांचा लाभही नाही. आणि त्याच पैशात महिनाभर शेंगदाणे, डाळ व अंडी येतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी मात्र खरोखर सांभाळण्याची आहे. ती आठवड्यास एक, तीही काही आठवडेच, असे डॉक्टर सांगतात. घरात ती दुधाबरोबर रोज दिली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांस गोड खाऊसारख्या दिसतात. गर्भवतीस जी मात्रा हितकर, तिच्या मूठभर गोळ्या दोन वर्षांच्या बालकाच्या जिवावर बेततात. गोळ्यांचे पाकीट चुलीजवळच्या फळीवर किंवा उशाशी नको. मुलाचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात हवे. आणि मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी होण्याची वाट न पाहता, उरलेले पाकीट हाती घेऊन त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.