खोकल्याचा हिशेब
(जिल्हा बैठकीत रत्नागिरीच्या एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



तुमच्याकडे कापूस आणि ज्वारी, आमच्या रत्नागिरीत भात आणि आंबा. तरी आपलं नातं जुनं आहे. तुमचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत गेला आणि तो कातायला आमची कोकणातली माणसं गेली. दोघांच्याही खिशात विडीचं बंडल होतं. त्या बंडलाबद्दल आणि फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल मला आज बोलायचं आहे.

आमच्या चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या साथीने तिथून खेडोपाडी कॅन्सर तपासणीचं काम झालं. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख यांची तपासणी झाली. तुमच्या ज्वारीच्या पट्ट्यातही हे झालं आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला आणि २००९ साली निकाल आला. ज्यांची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले.

मग शिबिरात फुप्फुस का तपासत नाहीत? तोंडात बॅटरी मारून बघता येतं, छातीत नाही. धडधाकट माणसांचे दरवर्षी एक्स-रे काढून पाहिले, त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला. सगळे वर्षानुवर्षे भरपूर सिगारेट ओढलेले. कमी किरणांच्या सीटी स्कॅनने त्यांच्यातले फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्स-रेच्या तुलनेत २० टक्क्यांनी घटले, असं २०११ साली दिसलं. पण ते यंत्र गावोगाव नेता येत नाही. शिवाय आपल्याकडे टीबीचे जुने डाग पुष्कळांच्या छातीत असतात आणि त्यातून घोटाळा होतो. तेव्हा आपल्या खोकल्यावर आपणच लक्ष ठेवायचं आहे.

आता विडी. तिच्यात तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, म्हणून ती सौम्य, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. विडी विझू नये म्हणून झुरका जोराने आणि पुन्हा पुन्हा मारावा लागतो. विडीमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हे मुंबईतल्या रुग्णांच्या अभ्यासातून १९७९ सालीच पुढे आलं. रोज २० विड्या म्हणजे वर्षाला ७,३०० आणि ३० वर्षांत २ लाख १९ हजार. आपण कापसाच्या क्विंटलचा हिशेब ठेवतो, या धुराचा कोणी ठेवला आहे?

मायबहिणींनो, विडी न ओढणाऱ्यालाही हा रोग होतो. घरात दुसऱ्याने ओढलेल्या विडीचा धूर तुमच्याही छातीत जातो. चुलीत पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या जळतात, तो धूरही कॅन्सरला बहुधा कारण होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था सांगते. जमेल तिथे गॅस वापरा. चूल असेल तर धूर बाहेर जायला वाट ठेवा.

आपल्याकडे घात होतो तो इथे. खोकला आला की माणूस म्हणतो, विडीचा आहे. रक्त पडलं की सगळे म्हणतात, टीबी आहे. बेडका न तपासता, नुसत्या एक्स-रेवरच्या डागावर गोळ्या सुरू होतात. सहा महिने जातात आणि गाठ वाढत राहते. टीबी आपल्याकडे खरंच जास्त आहे, म्हणून त्याची तपासणी आधी झालीच पाहिजे. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा, फुकट होतो. पण बेडक्यात जंतू सापडले नाहीत, आणि गोळ्या घेऊन महिना-दोन महिन्यांत फरक नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "कॅन्सर तर नाही ना?" आवाज बसणं, वजन घटणं, दम लागणं, छातीत दुखत राहणं याही खुणा आहेत.

मग सीटी स्कॅन आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहान तुकडा काढून तपासणं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने लोक पळतात. त्या भीतीपायी उपचार टाळू नका. गाठ लहान असेल तर ऑपरेशनने माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. पुढे गेली तर किरणोपचार आणि केमोथेरपी आहे. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट बदल सापडतो, त्यांना गोळ्यांनीही बराच काळ आराम मिळतो. म्हणून तुकड्याची ती तपासणीही मागा.

पैशासाठी शेत विकायच्या आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.

विडी आज सोडली तरी उपयोग आहे. दहा वर्षांत हा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी तर १८००-११२-३५६ हा सरकारी फोन फुकट आहे.

पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. आपल्या गावात दोन आठवड्यांवर खोकणारे कोण आहेत, ते पाहा आणि त्यांना दवाखान्यापर्यंत घेऊन जा. एकटा माणूस भीतीने घरी बसतो, सोबत कोणी असलं की निघतो.