फोटोतली जावा



दिवाळीच्या आधी आमच्याकडे झाडलोट चालली होती. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, तर तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक चौकोनी फोटो निघाला. कृष्णधवल, अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यानं काढलेला. त्या काळी ज्या घरात कॅमेरा होता, त्यातल्या कितीतरी घरांत हाच असायचा. फोटोत आंबा घाटातला दगडी कठडा आहे, मागे जूनचं धुकं आहे, पुढे एक मोटारसायकल उभी आहे आणि तिच्या हँडलला एका हातानं धरून माझी पत्नी उभी आहे. साल १९७६. आमच्या लग्नाला तेव्हा महिना झाला होता.

दिवाळीला पुतण्या आला. त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे. फोटो हातात घेऊन त्यानं विचारलं, "अण्णा, ही तुमची?"

मी म्हणालो, "माझी. जावा. सहासष्टची. मरून रंगाची."

तो म्हणाला, "कशावरून?"

गाडी आठ-नऊ वर्षं माझ्या बुडाखाली होती. तिच्यावरून मी वाळवा आणि शिराळा तालुक्यातली गावन् गाव पालथं घातलं. पण 'कशावरून' याचं उत्तर द्यायला माझ्याकडे एकही कागद नव्हता. १९८४ साली गाडी विकली तेव्हा आरसी बुक गाडीबरोबर गेलं. नंबर 'एम'पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा होता. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत पुढे १९८९ नंतर आली. ती तीन अक्षरं काही केल्या आठवेनात, शेवटचे सत्तेचाळीस तेवढे आठवत होते. मग त्या संध्याकाळी आम्ही काका-पुतणे भिंग घेऊन बसलो.

श्रोत्यांपैकी तरुण मंडळींसाठी थोडं मागे जातो. जावा मुळात झेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक या गृहस्थांनी १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचं काम घेतलं आणि यानेचेकमधला 'जा' आणि वाँडररमधला 'वा' जोडून नाव केलं. आपल्याकडे ती पन्नासच्या दशकात परदेशातून येत होती. पुढे बाहेरून येणाऱ्या मोटारसायकली बंद झाल्या, तेव्हा रुस्तम इराणी आणि त्यांच्या भागीदारांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभारला. १९६१पासून गाड्या तिथेच बनू लागल्या. १९७३च्या सुमाराला नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. आमच्या भागात मात्र नाव बदललं तरी तोंडातली जावा गेली नाही. येझदीलाही लोक जावाच म्हणायचे. म्हणूनच पुतण्याची शंका खरी होती. ही गाडी जावा की येझदी?

मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होतो. उसाच्या नोंदी घ्यायच्या, लागण बघायची, तोडीची तारीख सांगायची. सायकलवरून हे होत नव्हतं. १९७५ साली मिरजेच्या एका डॉक्टरांची जावा विकायची आहे असं कळलं. तीन हजारांहून थोडे जास्त पडले. माझा जवळजवळ वर्षाचा पगार त्यात गेला आणि उरलेले वडिलांनी गूळ विकून घातले. डॉक्टरांनी गाडी लेकरासारखी वापरली होती. देताना त्यांनी मला तासभर उभं करून शिकवलं, त्यातलं एक वाक्य अजून कानात आहे : "हिला तेल विसरू नका, बाकी ही सगळं सोसते."

टू स्ट्रोकचं इंजिन म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. लिटरला चाळीस ते पन्नास मिली. पंपावर हातानं फिरवायचं तेलाचं यंत्र असे, पण शिराळ्याच्या वर गेलं की पंप कुठला? मी पिशवीत बाटली ठेवायचो. एकदा पावसाळ्यात एका दुकानातून डब्यातलं पेट्रोल घेतलं आणि घाईत तेल घालायचं राहिलं. कोकरूडच्या अलीकडे चढावर गाडीचा आवाज कोरडा झाला, मग कण्हल्यासारखा झाला आणि मागचं चाक जागेवर अडकलं. पिस्टन पकडला होता. चूक सगळी माझी. भर पावसात दोन तास मी तिच्याजवळ उभा होतो आणि खरं सांगतो, डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं एवढंच डोक्यात होतं. सिलिंडर रीबोअर करून घ्यावा लागला. त्या दिवसापासून तेलाची बाटली मी पिशवीत नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवू लागलो.

आता भिंगाखाली काय दिसलं ते सांगतो. गाडीची डावी बाजू कॅमेऱ्याकडे आहे. पहिली खूण म्हणजे चेन दिसत नाही. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत ती पत्र्याच्या बंद पेटीत आहे. चिखलाच्या रस्त्यावर ही पेटी काय मोलाची, ते उसाच्या फडातून गाडी काढलेल्या माणसालाच कळेल. धोतराचा सोगा किंवा साडीचा काठ चेनमध्ये जायचीही भीती नाही. पंक्चर झालं तर चेनला हात न लावता मागचं चाक बाहेर येई.

दुसरी खूण : हँडलवर वेगळं मीटर नाही. स्पीडोमीटर हेडलाइटच्या कवचातच बसवलेला आहे. चावी दातांची नव्हती, खिळ्यासारखी गोल होती आणि एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला चाले. तरी गाड्या कुणी नेत नसे.

तिसरी खूण मला सगळ्यांत प्रिय. फोटोत डाव्या बाजूला पायाशी एकच दांडी दिसते. किक आणि गिअर, दोन्ही तीच. दांडी आत दाबून वर फिरवली की किक होते. गाडी सुरू झाली की ती पुन्हा खाली पाडायची, मग तोच गिअर. त्यातही क्लच न दाबता गिअर बदलता येई, कारण दांडीवर पाय पडला की आतल्या आत क्लच सुटत असे. हे मी पुतण्याला सांगत होतो आणि टेबलाखाली माझा डावा पाय आपोआप हलत होता. पन्नास वर्षं झाली. पुढे एका मित्राची बुलेट चालवायला घेतली होती. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिल्याच वळणावर मी गिअर म्हणून ब्रेक दाबला. पाय जावाचाच झाला होता.

एवढं सगळं जुळलं तरी येझदीची शंका उरतेच, कारण सुरुवातीच्या येझदीतही यातलं पुष्कळसं तसंच होतं. टाकीवरचं नाव बघावं तर हिचा पदर वाऱ्यानं उडून बरोबर नावावर आलेला. पुतण्या बराच वेळ भिंगातून बघत राहिला आणि एकदम म्हणाला, "अण्णा, शेवटचं अक्षर दिसतंय. इंग्रजी ए आहे." येझदीचा शेवट 'आय'वर होतो. म्हणजे जावाच. त्या एका अक्षरानं मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगणं कठीण आहे. माझ्या तरुणपणावर कुणीतरी सहीशिक्का मारून दिल्यासारखं वाटलं.

पुतण्या एवढ्यावर थांबणारा नव्हता. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना २०२१च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात व्ही-ए ही अक्षरं येतात. "गाडी सापडली तर नोंदवून घेऊ," तो म्हणाला. त्यानं चौकशी केली आणि कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका मिस्त्रींकडे, शिराळ्याच्या बाजूनं आलेली एक जावा पडून आहे असं कळलं. गेल्या महिन्यात आम्ही गेलो.

शेडच्या कोपऱ्यात ती उभी होती. निळी. सीट फाटलेली, दोन सायलेन्सरपैकी एक नाही. एका सिलिंडरला दोन बाजूंना दोन सायलेन्सर हे हिचं रूप, त्यामुळे एक गेला की ही गाडी लंगडी दिसते. नंबर प्लेट नव्हती. मिस्त्रींनी चॅसिसवरचा आणि इंजिनवरचा आकडा पुसून दाखवला, पण माझ्याकडे ताडून बघायला काही नव्हतं. माझ्याकडे माझ्या खुणा होत्या. मोजणीच्या टेपाची पिशवी अडकवायला मी मागच्या मडगार्डला लोहाराकडून हुक लावून घेतला होता, त्याची दोन भोकं. मी वाकून बोटानं चाचपलं. भोकं नव्हती.

"मडगार्ड बदललं असेल," मी म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली. भला माणूस. ते म्हणाले, "रंग बघू. रंग वरून बघायचा नसतो, टाकी उलटी करून बघायचा." त्यांनी टाकी काढली आणि खालच्या बाजूला, जिथे रंगाऱ्याचा हात नीट पोहोचत नाही तिथे, नखाएवढ्या जागेवर कानस फिरवली. निळा गेला. खाली मरून आला. मरूनच्या खाली थेट पत्रा.

मरून! माझा ऊर भरून आला. टाकी परत बसवल्यावर मी गाडीवर बसलो. दोन्ही गुडघे टाकीच्या रबरांवर टेकले. दांडी आत दाबून वर फिरवली. इंजिन सुरू होण्यासारखं नव्हतंच, पण दांडीचा तो वजनदारपणा पायाला लगेच कळला. परत येताना किणी टोलनाक्यापर्यंत मी बोलत होतो. पुतण्या म्हणाला, "अण्णा, घेऊनच टाकू."

घरी आल्यावर पत्नीला सगळं सांगितलं. टाकी कशी उलटी केली, निळ्याखाली मरून कसा निघाला. ही भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "पण आपली गाडी काळी होती की."

मी म्हणालो, "मरून होती."

"मरून तुम्ही नंतर करून घेतलीत. थोरलीच्या बारशाच्या आधी, एकोणऐंशीला. त्याआधी काळी होती. डॉक्टरांनीच काळी केलेली."

मला काही केल्या काळी आठवेना. मला मरूनच दिसत होती, घाटातसुद्धा. मग हिनं हात पुसले आणि फोटो मागितला. कृष्णधवल फोटोत मरून काय नि काळा काय, सारखाच. पण ही टाकीकडे बघतच नव्हती. तिनं हँडलच्या डाव्या मुठीशी बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

तिथे क्लचच्या दांड्याखाली एक गाठोडं दिसत होतं. भिंगाखाली मीही ते पाहिलं होतं आणि केबलला गुंडाळलेली रबराची पट्टी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"माझ्या आईनं बांधलेलं," ही म्हणाली. "नवी नवरी काळ्या गाडीवरून सासरी जाणार म्हणून आई दारातून हलायला तयार नव्हती. मग हळदीत बुडवलेल्या फडक्यात सुपारी बांधून तिनं हँडलला गाठ मारली, तेव्हा मला बसू दिलं. तुम्ही पुढे बसला होता. तुम्हाला काय दिसणार?"

पुतण्यानं भिंग लावून पाहिलं. गाठीची दोन टोकं दिसतात, एक वाऱ्यानं उडालेलं आहे.

तर हिशेब असा झाला. आमच्या टाकीवर मरूनच्या खाली काळा निघायला हवा होता. उद्यमनगरच्या टाकीवर मरूनखाली पत्रा निघाला. भोकांचंही जमत नाही. टाकीही कुणी बदलली असेल असं पुतण्या म्हणतोय आणि सरळ चॅसिस नंबर घेऊन जुनी नोंद शोधू म्हणतोय. शोधेल तो.

मी हिला एवढंच विचारलं, की ती गाठ किती दिवस होती आणि सोडली कुणी. तीन वर्षं ऊन-पाऊस खाऊन ती हँडलला होती आणि मी रोज डाव्या हातानं तिच्याशेजारीच क्लच दाबत होतो.

"रंगाऱ्यानं सोडली," ही म्हणाली. "गाडी मरून करायला दिलीत तेव्हा. फडकं त्यानं टाकून दिलं. सुपारी मी मागून आणली होती."