भूमीखालच्या टाक्या आणि तपासणीची काठी



मुंबईहून पुण्यास मोटारीनें जाणारे आपणांपैकीं पुष्कळ जण घाट चढण्यापूर्वीं खालापूर-खोपोलीच्या आसपास, नाहीं तर कर्जतच्या वाटेवर, घटकाभर थांबतात. गाडीला पेट्रोल आणि माणसांना वडा, असा तो थांबा असतो. पंपावरचे आंकडे शून्यापासून सुरू झाले कीं नाहीं, हें आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. पण ज्या फरसबंदीवर गाडी उभी असते तिच्या खालीं वीस-वीस हजार लिटरांच्या पोलादी टाक्या पुरलेल्या असतात, त्यांची आठवण कोणास होत नाहीं. त्यांच्या तपासणीविषयीं आज बोलावयाचें आहे.

कायद्याची उणीव आहे असें नाहीं. स्फोटक पदार्थांवर देखरेख करणारें खातें १८९८ सालचें. त्याचें मुख्य कार्यालय आज नागपुरास आहे. १९३४ चा पेट्रोलियम कायदा अद्याप चालू असून त्याखालचे नियम २००२ सालीं नव्यानें झाले. टाकी वापरांत आणण्यापूर्वीं तिची पाण्याच्या दाबानें परीक्षा करावी, असा नियम त्यांत आहे. वैधमापनाचा निरीक्षक निराळा. तो पांच लिटरांचें माप भरून पाहतो. त्यांत २५ मिलिलिटरांपर्यंतचा फरक क्षम्य मानतात. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें जानेवारी २०२० मध्यें नव्या पंपांसाठीं शाळा, इस्पितळें आणि वस्ती यांपासून साधारणपणें ५० मीटर अंतर ठरवून दिलें. इतके पहारेकरी असतां चिंता कसली, असें आपण म्हणाल. पण पहारेकरी येतो आणि जातो. टाकी मात्र रात्रंदिवस मातींत असते. तिचा खरा पहारा पंपावरच्या माणसाच्या हातांतल्या काठीवर आहे.

गेल्या आषाढांत खोपोलीजवळच्या एका पंपावर भल्या सकाळीं मीं हें काम उभें राहून पाहिलें. व्यवस्थापकानें झांकण उघडलें, खुणा केलेली धातूची काठी तळापर्यंत सोडली, वर काढली आणि ओल कोठपर्यंत आली तें वहींत मांडलें. कालची शिल्लक, आलेला माल, झालेली विक्री, आजची शिल्लक आणि शेवटीं ‘फरक’. मीं विचारलें, “या फरकाची महिन्याची बेरीज करतां का?” ते म्हणाले, “साहेब, रोजचा फरक थोडाच असतो. बेरीज कोण मागतो?”

येथेंच सारी मेख आहे. अशी टाकी म्हणजे आडवें पिंप. दोन मीटर व्यासाचें आणि साडेसहा मीटर लांबीचें धरूं. तें निम्में भरलें असतां काठीवरचा एक मिलिमीटर म्हणजे १३ लिटर होतात. आतां तासाला पाव लिटर गळूं लागलें, तर दिवसाला ६ लिटर गेलें. काठीवर तें अर्धा मिलिमीटरही दिसावयाचें नाहीं! चार हजार लिटरांच्या विक्रींत मापाचा क्षम्य फरकच २० लिटरांचा. तापलेल्या टँकरांतून आलेलें १२ हजार लिटर पेट्रोल पांच अंश निवलें तर पन्नासाहून अधिक लिटर नुसतें आकसून जातें. इतक्या गोंधळांत सहा लिटरांची काय कथा? पण महिन्याला तेच १८० लिटर होतात. हाताची चूक कधीं अधिक, कधीं उणी. गळती सदैव उणीच. मापाचा दोष पांच लिटरांच्या परीक्षेंत उघडा पडतो, उष्णतेचा हिशेब थर्मामीटर देतो. तरीही महिनोन् महिने घट उरली, तर टाकीवर किंवा तिच्या नळांवर संशय घेतलाच पाहिजे. म्हणून निरीक्षकानें प्रथम वर्षाची वही मागावी, असें माझें मत आहे.

आपल्या या मुलखांत आणखी एक अडचण आहे. श्रावणांत येथील विहिरी कांठोकांठ भरतात, चैत्रांत तळ दिसतो. टाकीला भोंक असेल तर पावसाळ्यांत बाहेरचें पाणी आंत शिरूं शकतें आणि उन्हाळ्यांत त्याच वाटेनें पेट्रोल बाहेर पडतें. पाणी जड, तें तळाशीं बसे. काठीला लावलेल्या लेपाचा रंग बदलला कीं तें कळे. परंतु २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें इथेनॉल २० टक्क्यांवर गेलें. हा मद्यार्क थोडें पाणी आपल्यांत मुरवून घेतो, आणि लेप गप्प राहतो. जुनी खूण अशी कांहींशी मंदावली आहे.

गळालेलें पेट्रोल जातें कोठें? येथील काळ्या खडकाच्या फटींतून तें विहिरीची वाट धरूं शकतें. पेट्रोलमध्यें बेन्झीन शेंकडा एक भागापर्यंत चालतें. कर्करोग उत्पन्न करणारा हा पदार्थ पिण्याच्या पाण्यांत लिटरामागें १० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलांतील बेन्झीन आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरतें.

आपणांपैकीं कित्येकांचीं कर्जत-खालापुरांत लहानमोठीं घरें आहेत, अंगणांत विहीर आहे. पाण्याला पेट्रोलचा वास आला किंवा त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला, तर तें पिऊं नये, आणि उकळून शुद्ध करण्याच्या भरींस तर मुळींच पडूं नये. वाफ घरांत भरते आणि पेटण्याचें भय असतें. विहिरींत दिवा सोडूं नये, कोणास उतरूं देऊं नये. तहसील कचेरींत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी कळवावें, आणि अर्जांत वास प्रथम कोणत्या महिन्यांत आला तें अवश्य लिहावें. पंपाच्या वहीशीं ताडून पाहण्यास तोच महिना उपयोगीं पडतो.